प्रार्थनेचा क्रम चुकला तर देव ऐकत नाही का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगलीच्या आहेत. माहेरी रोज संध्याकाळी हरिपाठ व्हायचा, लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येऊ लागल्या आणि आता मनापासून रमल्या आहेत. रविवारच्या उपासनेत त्यांना काही अडचण नाही. छापील प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणता येते, गीतं येतात. पण पुढच्या बुधवारी महिला मंडळाच्या घरसभेत त्यांची पाळी आहे. उभं राहून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची. कुणी त्यांना सांगितलं की प्रार्थनेचे चार भाग असतात, कुणी सांगितलं सात. एका भगिनीने तर क्रम चुकला की प्रार्थना छताच्या वर जात नाही असंही ऐकवलं. म्हणून ताई विचारतात: ठरलेली रचना आहे का? एखादा भाग राहिला तर? शेवटी ‘येशूच्या नावाने’ म्हणायचं विसरलं तर? लिहून नेलं तर चालेल का? आणि मधेच शब्द अडले तर काय करायचं?

मी पाळक म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या मंडळ्यांत काम केलं. मिरजेच्या दवाखान्यांत रुग्णांना भेटणं हाही त्या कामाचाच भाग होता. आता निवृत्त आहे. उत्तर जरा लांबेल.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला वाटतं. देवाशी बोलायला काय लागतं, हा एक. चार बायकांच्या वतीने, त्यांच्या समोर, मोठ्याने देवाशी बोलायला काय लागतं, हा दुसरा. पहिल्यासाठी रचना अजिबात सक्तीची नाही. दुसऱ्यासाठी ती फार उपयोगाची आहे, पण ती ऐकणाऱ्यांसाठी आणि बोलणाऱ्यासाठी. देव म्हणजे काही तहसील कचेरीतला कारकून नव्हे, की मायना चुकला, स्टँप लावला नाही, म्हणून अर्ज परत पाठवील. तुम्हाला जी भीती घातली गेली ती या कारकुनाची आहे.

आता ‘चार भाग’ येतात कुठून ते सांगतो. स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती म्हणजे आभार, आणि विनंती. रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना हे बोटांवर शिकवतात आणि शिकवावंच, कारण मुलाला मोकळं सोडलं तर ते थेट सायकल मागतं. (मोठी माणसंही तेच करतात, फक्त सायकलच्या जागी बदली असते.) कुणी मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली विनंती, वेगळी धरतं, तेव्हा पाच होतात. संबोधन आणि समाप्ती धरली की सात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती अशी नावं एका दमात घेतो, पण आधी हे आणि मग ते, असा क्रम तिथे लावलेला नाही. आकड्यावरून कुणी वाद घातला तर घालू द्या.

ज्या प्रार्थनेला आपण सगळे नमुना मानतो तिच्याकडे नीट पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. आधी हाक. मग तीन मागण्या देवाच्या बाजूच्या: तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. मग आपल्या बाजूच्या: भाकर, ऋणांची क्षमा, परीक्षेपासून आणि वाइटापासून सुटका. आता या प्रार्थनेत उपकारस्तुती कुठे आहे ते शोधा. नाही. एकही वाक्य आभाराचं नाही. चार भागांपैकी एक राहिला म्हणून प्रार्थना बाद होत असती, तर खुद्द प्रभूने शिकवलेली प्रार्थना बाद झाली असती. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार तर दूर उभा राहून, ऊर बडवून एवढंच म्हणतो की देवा, मज पापी माणसावर दया कर. संबोधन, कबुली, विनंती, सगळं एका वाक्यात, आणि स्तुती नावाला नाही. तो नीतिमान ठरून घरी गेला, असं येशू सांगतो. उलट बायबलमधलं स्तोत्र ११७ दोनच ओव्यांचं आहे आणि त्यात नुसती स्तुती. मागणं शून्य.

म्हणजे हे भाग प्रत्येक प्रार्थनेत हजेरी लावायलाच हवेत असं नाही. महिनाभराच्या तुमच्या प्रार्थनांत ते कुठे ना कुठे यावेत, इतकंच. कुणाच्या प्रार्थनेत वर्षभर एकही आभार नसेल, किंवा वर्षभर एकही कबुली नसेल, तर मात्र मी त्याला चहाला बोलावतो.

मग प्रभूच्या प्रार्थनेतून क्रमाबद्दल काय घ्यायचं? माझ्या मते एकच गोष्ट: भाकर तिसऱ्या मागणीनंतर येते. भाकरीची लाज नाही, ती स्पष्ट मागितली आहे, आणि ‘आज’ मागितली आहे. पण तिच्या आधी माणूस कुणापुढे उभा आहे ते तीनदा सांगून होतं. मिरजेत खाटेपाशी उभं राहिल्यावर मला याचा अर्थ जास्त कळला. घाबरलेला माणूस पहिल्या वाक्यापासून ट्यूमर, ऑपरेशन, पैसे असं बोलू लागला की त्याचा आवाज चढत जातो. तोच माणूस आधी ‘पित्या, तू इथे आहेस’ एवढं म्हणून थांबला की पुढचं मागणं तेच राहतं, पण श्वास जागेवर येतो. क्रमाचा उपयोग हा असा आहे.

तरीही क्रम उलटा करायची वेळ येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली ते तुम्हाला आठवत असेलच. निवाऱ्याला उघडलेल्या शाळांतून आम्ही रात्री प्रार्थनेला बसायचो. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसांना ‘चला, आधी स्तुती करू’ असं म्हणायचं धैर्य मला झालं नाही, आणि ते गरजेचंही नव्हतं. स्तोत्र ६९ सुरूच होतं ‘देवा, मला तार’ या हाकेने. पाणी गळ्याशी आलंय, पाय टेकायला जागा नाही, ओरडून घसा कोरडा पडलाय. ते वाचल्यावर एक आजी फक्त म्हणाल्या, “प्रभू, धान्याची कोठी गेली, शेळी गेली, तू बघतोस ना?” त्या प्रार्थनेत मी काहीही जोडलं नाही. स्तुती त्या स्तोत्रातही आहे, पण ती तिसाव्या ओवीला येते. तोपर्यंत नुसता आकांत आहे, शत्रूंना शिव्याशापसुद्धा आहेत. स्तोत्र १३ त्याहून आटोपशीर: दोन ओव्या ‘किती काळ?’, दोन ओव्या मागणं, दोन ओव्या भरवसा. आणि स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तिथे भरवशाचं वाक्यही नाही. शास्त्रात त्याला जागा मिळाली आहे. तेव्हा दुःखात कुणी तुम्हाला ‘आधी आभार मान’ म्हणून दटावलं, तर त्यांना ही तीन स्तोत्रं वाचायला सांगा.

घरच्या प्रार्थनेबद्दल म्हणूनच मी फार बोलणार नाही. स्वयंपाक करताना, एस.टी.त, रात्री अंथरुणावर, जसं सुचेल तसं. जुन्या करारात देवाकडे मूल मागणाऱ्या हन्नाचे ओठ नुसते हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे. देवाने ऐकलं. समुद्रात बुडणारा येशूचा शिष्य पेत्र “प्रभूजी, मला वाचवा” एवढंच ओरडतो. स्तुतीपासून सुरुवात केली असती तर तळाला गेला असता. आणि शब्द सापडतच नाहीत तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे.

मात्र एक सवय लावून घ्या असं सांगेन. जुन्या करारातलं नहेम्याचं पुस्तक काढा. नहेम्या हा पारसाच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी. शूशन राजवाड्यात त्याला बातमी मिळते की यरुशलेमेची तटबंदी पडली आहे. तो बसून रडतो, उपास करतो आणि पहिल्या अध्यायात त्याची भरगच्च प्रार्थना येते. ती अगदी रचलेली आहे: आधी देव कोण, तो करार कसा पाळतो, मग कबुली, आणि तीही ‘त्यांनी पाप केलं’ अशी नाही, ‘मी व माझ्या बापाच्या घराण्याने’ अशी, मग मोशेला दिलेल्या वचनाची आठवण, आणि अगदी शेवटी, शेपटासारखी, छोटीशी मागणी: आज या माणसाची माझ्यावर मर्जी बसू दे. ‘हा माणूस’ म्हणजे अर्तहशश्त राजा, ज्याला तो द्राक्षारस द्यायचा. मग सुमारे चार महिने जातात. एके दिवशी राजा विचारतो, तुझं तोंड का उतरलंय, तुला काय हवं? राजाचा प्रश्न आणि नहेम्याचं उत्तर यांच्यामध्ये एकच वाक्य आहे: त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. त्या श्वासात त्याने स्तुती, कबुली, उपकार असा हिशेब लावला नसणार. पण चार महिने तो जे रचून बोलत होता, त्याच्यामुळे त्या एका श्वासात काय मागायचं ते त्याला ठाऊक होतं. शांत वेळी रचना वापरा, म्हणजे घाईच्या वेळी ती नसली तरी अडत नाही.

आता बुधवार.

चार लोकांत प्रार्थना करणारी व्यक्ती सगळ्यांचं तोंड असते. शेवटी बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं असतं, म्हणजे ‘ही माझीही प्रार्थना’ असं कबूल करायचं असतं. म्हणून प्रत्येक वाक्याला एकच चाळणी लावा: माझ्या डाव्या बाजूला बसलेल्या भगिनीला यावर मनापासून आमेन म्हणता येईल का? या चाळणीत बरंच काही गळून पडतं.

सगळ्यात आधी गळतात ते टोमणे. प्रार्थनेच्या आडून टोमणा मारण्याची कला आपल्याकडे चांगलीच विकसित झालेली आहे. “प्रभू, आमच्यातल्या ज्या भगिनी सभेला उशिरा येतात त्यांना तू वेळेचं महत्त्व पटवून दे.” सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण कुणाबद्दल चाललंय ते प्रत्येकीला कळतं, आणि ती बिचारी उत्तरही देऊ शकत नाही, कारण प्रार्थना चालू आहे. सर्वांच्या वतीने कबुली द्यायची तर ‘आम्ही’ म्हणा, आणि त्या ‘आम्ही’त आधी स्वतःला मोजा. दुसरीच्या पापाची कबुली आपण द्यायची नसते.

मग गळतात सूचना. “प्रभू, तुला ठाऊकच आहे की येत्या रविवारी साडेनऊला तरुण संघाची सभा आहे आणि वर्गणी आणायची आहे.” देवाला ठाऊक आहे, सांगायचं आहे ते मंडळीला, ते आमेननंतर सांगावं. तसंच प्रवचन. पाळकांचा उपदेश पटला नाही म्हणून प्रार्थनेत त्याची दुरुस्ती करणारे वडीलधारे मी पाहिले आहेत, आणि हसू दाबत आमेन म्हटलं आहे.

आणि गळायला हवं ते दुसऱ्याचं गुपित. हे मी कळकळीने सांगतो. एखाद्या बाईचा गर्भपात, कुणाच्या मुलाची दारू, कुणाचा कर्जाचा तगादा, हे ‘मध्यस्थी’च्या नावाखाली सभेत जाहीर होतं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात पोचतं. ज्या भगिनीसाठी प्रार्थना करणार, तिला आधी विचारा: नाव घेऊ का, आजाराचं नाव घेऊ का? नको म्हणाली तर ‘आमच्या एका भगिनीच्या घरातली काळजी’ एवढं पुरतं. देवाला पत्ता लागतो.

दवाखान्यात मी प्रार्थनेआधी नेहमी विचारायचो, “काय मागू?” हे विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा माझा नियम होता, कारण आपल्याला वाटतं ते मागणं आणि समोरच्याचं मागणं एक असेलच असं नाही. तासगावकडचे एक काका दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला जाणार होते. मला वाटलं, ऑपरेशनसाठी प्रार्थना. ते म्हणाले, “त्याचं डॉक्टर बघतील. बागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय आणि धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे. तो आल्याशिवाय छाटणी व्हायची नाही.” आता या माणसासाठी मी शल्यविशारदाच्या हाताबद्दल सुंदर वाक्यं बोललो असतो तर ती कुणाची प्रार्थना झाली असती? आम्ही प्रभूच्या प्रार्थनेतल्या एकाच ओळीपाशी थांबलो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’. साऱ्या प्रार्थनेत अट घातलेली अशी ही एकच मागणी, आणि येशूने प्रार्थना संपल्यावर पुन्हा स्पष्टीकरण दिलं तेही नेमकं हिचंच. मी आमेन म्हणायच्या आत काकांनी डोळे मिटूनच स्वतःचं वाक्य घातलं: “आणि त्याला फोन करायला बळ दे.” मग ऑपरेशनही आलं, शेवटी, एका वाक्यात.

रचना हवीच असेल तर तुमच्यासारख्या पहिल्यांदा बोलणारीला मी सात भागांची यादी देत नाही. एक जुनी, लहान घडण देतो. रोमच्या मंडळीत लॅटिनमध्ये शतकानुशतकं चालत आलेली, १५४९ च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातून पुढे जगभर पसरलेली. तिच्यात देवाला हाक असते, मग त्याने काय केलं आहे किंवा तो कसा आहे याचा एक उल्लेख, मग मागणी, मग ती मागणी कशासाठी, आणि ख्रिस्ताच्या द्वारे अशी समाप्ती. सगळं मिळून दोन-तीन वाक्यं. यातली दुसरी जागा खरी कसबाची आहे. उल्लेख मागणीला साजेसा हवा. समजा, मंडळातल्या एका आईचा मुलगा अतिदक्षता विभागात आहे. मी असं म्हणेन:

“हे दयाळू पित्या, नाइन गावाच्या वेशीवर तुझ्या पुत्राला एका आईचा कळवळा आला आणि त्याने तिचा मुलगा तिच्या स्वाधीन केला. आमच्या या बहिणीच्या मुलाला तू सांभाळ, त्याच्या उशाशी जागणाऱ्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना शहाणपण दे, आणि या आईला आजची रात्र काढायला धीर दे. म्हणजे ती एकटी नाही हे तिला कळेल. तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त, याच्या नावाने मागतो. आमेन.”

नाइनची गोष्ट लूकच्या सातव्या अध्यायात आहे. पावसासाठी प्रार्थना असेल, जत-आटपाडीकडे ती दरवर्षी असते, तर ज्याच्या प्रार्थनेने पाऊस आला त्या एलीया संदेष्ट्याची आठवण करा. नोकरीच्या मुलाखतीसाठी असेल तर नहेम्या आहेच. ‘सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वव्यापी’ अशी बिरुदांची माळ लावण्यापेक्षा देवाचं एक नेमकं काम आठवणं मला जास्त मोलाचं वाटतं. बिरुदं पाठ असतात, नेमकं काम आठवायला शास्त्र उघडावं लागतं. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीने धमक्या आल्यावर हेच केलं. प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय. आकाश-पृथ्वी निर्माण करणारा देव, मग दुसऱ्या स्तोत्राचे शब्द, मग आपल्यावर काय ओढवलं ते, आणि मग मागणी. गंमत म्हणजे धमक्या थांबाव्यात असं त्यांनी मागितलंच नाही. बोलायला धैर्य मागितलं.

या घडणीचा आणखी एक फायदा. मोकळ्या प्रार्थनेत माणसं सुरू करतात ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणून, मधे म्हणतात ‘तू आमच्यासाठी वधस्तंभावर मेलास’, आणि संपवतात ‘तुझ्या पुत्राच्या नावाने’. पिता वधस्तंभावर मेला नाही. नवशिके तर करतातच, पण मुरलेले वडीलही करतात. नेहमीची रीत पित्याला, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या साहाय्याने अशी. येशूला थेट हाक मारायलाही हरकत नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने मरताना ‘हे प्रभू येशू’ अशीच मारली. पण ज्याला हाक मारली, त्याच्याशीच शेवटपर्यंत बोला. आणि दर तिसऱ्या शब्दाला ‘प्रभू’ नको. फोनवर कुणी आपलं नाव दर वाक्यात चारदा घेतलं तर आपण काय म्हणू?

‘येशूच्या नावाने’ राहिलं तर? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत हे शब्द नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात तो ‘माझ्या नावाने मागा’ म्हणतो तेव्हा त्याच्या अधिकाराने, त्याला शोभेल असं मागा, असा त्याचा भाव आहे. तो परवलीचा शब्द असता तर स्किवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांचं काम झालं असतं. त्यांनी येशूचं नाव नुसतं मंत्रासारखं वापरून पाहिलं आणि नागवे, जखमी होऊन घरातून पळाले. प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय, वाचून पाहा. तेव्हा म्हणा, जरूर म्हणा, पण विसरलात म्हणून रात्री जागू नका.

लिहून नेणं. ताई, यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘पाठ केलेली प्रार्थना खरी नव्हे’ असा एक समज आहे, आणि त्याला इतिहासही आहे. साताऱ्याकडच्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, सांगली-मिरज-कोल्हापूरकडच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या. दोन्हीकडे पाळकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करण्याची परंपरा. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा छापील प्रार्थनापुस्तक वापरणारे अँग्लिकन आणि हे मोकळ्या प्रार्थनेचे लोक एका छपराखाली आले. म्हणून अशा मंडळीत रविवारी छापील आणि बुधवारी मोकळी, असं दोन्ही चालतं. पेंटेकॉस्टल सभांत सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, कॅथलिक घरांत जपमाळ असते. त्यांच्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हटलीत तर ते ‘वाइटापासून सोडव’ पाशी थांबतात आणि आपण एकटेच ‘कारण की, राज्य, सामर्थ्य’ करत पुढे जातो. घाबरू नका, त्या ओळी मत्तयाच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाहीतच. पाठ प्रार्थनेबद्दल बोलायचं तर वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी स्तोत्रांतलेच शब्द आले, बाविसाव्या आणि एकतिसाव्या. तुम्ही हरिपाठात वाढलात. पाठ शब्द मनात कसे मुरतात ते तुम्हाला आमच्यातल्या अनेकांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या कानाचा उपयोग करा. ज्या साताऱ्यात १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, त्या मुलखात ख्रिस्ती प्रार्थना ओवी-अभंगाच्या लयीत बोलली तर कुणी भुवई उंचावू नये. पुस्तकी भाषेची तर मुळीच गरज नाही. घरात आईशी बोलता तसं ‘तू’ म्हणून बोला.

डोक्यावर पदर घ्यायचा का, उभं राहायचं की गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे का, हे तुमच्या मंडळात चालतं तसं करा. शलमोन राजाने गुडघे टेकून हात पसरले, जकातदार उभा होता, येशूने योहानाच्या सतराव्या अध्यायात डोळे वर करून प्रार्थना केली. किती वेळ बोलायचं? प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. तुम्ही दोन मिनिटं घेतलीत तर भरपूर झालं. लांबली की घरात कुकरची शिट्टी ऐकू येऊ लागते आणि बायकांचं लक्ष तिकडे जातं.

एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वरच्या घडणीतले पाच तुकडे लिहा. पूर्ण वाक्यं नाही लिहिलीत तरी चालेल, खुणेचे शब्द पुरेत. देवाचं कुठलं काम आठवणार ते, आणि ज्यांच्यासाठी मागणार त्यांची नावं, एवढं नक्की लिहा. ऐन वेळी नावंच विसरतात. मंगळवारी रात्री एकदा मोठ्याने म्हणून पाहा, नवऱ्यासमोर नाही, एकटीच.

आणि शब्द अडले तर सारवासारव करू नका, माफी मागू नका. दोन क्षण गप्प राहा. ऐकणाऱ्यांना ती शांतता तुम्हाला वाटते तितकी लांब वाटत नाही. तरीही काही सुचलं नाही तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असं सुरू करा. दुसऱ्या शब्दाला सगळ्या जणी तुमच्याबरोबर म्हणू लागतील, आणि तुमची पाळी नीट पार पडेल.